फुरशाच्या विषातून हार्ट अटॅकचं औषध बनलं. मग फुरसं चावलेल्याला काय मिळतं?

पावसाळा सुरू झाला की जुन्नर आणि आंबेगावात सर्पदंशाच्या केसेस वाढतात. यात नवीन काही नाही. नवीन आहे ते धोरण. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं लक्ष्य आहे. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा. म्हणजे दवाखाना सरकारी असो की खासगी, प्रत्येक केस कळवायची. कर्नाटकने हे त्याच वर्षी फेब्रुवारीत केलं होतं.

हे सगळं कशासाठी? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार, म्हणजे रोज जवळपास १६०. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

आकड्यांची चर्चा बरीच होते. साप चावल्यावर रक्तात नेमकं काय होतं, याची फारशी होत नाही. मृत्यू निम्म्यावर आणायचे असतील तर समजून घ्यायचं ते तिथेच आहे. आणि गंमत अशी की हे समजलं की हार्ट अटॅकही समजतो. दोन्हींच्या मुळाशी शरीराची एकच यंत्रणा आहे: फुटलेली रक्तवाहिनी बुजवण्याची.

रक्तवाहिनी स्वतःला कशी बुजवते?

रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नाही. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. हा थर सतत नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडत असतो. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तातल्या प्लेटलेट्स भिंतीला चिकटत नाहीत. या थराखाली कोलॅजन या प्रोटीनची जाळी असते. ती भिंतीला आधार देते.

आता बोट कापलं असं समजा. थर फाटतो आणि खालचं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेट्ससाठी हा धोक्याचा सिग्नल. त्या तिथे चिकटतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे हजारो 'हुक' उघडतात. रक्तात तरंगणारं फायब्रिनोजेन नावाचं लांब प्रोटीन या हुकांत अडकतं आणि एक प्लेटलेट दुसरीला बांधली जाते.

त्याच वेळी दुसरी साखळी सुरू होते. रक्तात काही प्रोटीन्स 'बंद' अवस्थेत फिरत असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. एक फॅक्टर दुसऱ्याला चालू करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. ते फायब्रिनोजेनचे टोकाचे तुकडे कापतं आणि त्याचे चिवट धागे बनवतं. या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. प्लेटलेट्सचा ढीग आणि त्यावर धाग्यांचं जाळं, अशी गुठळी तयार होते. काम संपलं की प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम हे जाळं विरघळवतं आणि पेशींचा थर पुन्हा वाढतो.

हार्ट अटॅक म्हणजे हीच दुरुस्ती, चुकीच्या जागी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी आणि दाहपेशी साचतात. त्या गाठीला प्लाक म्हणतात. एक दिवस प्लाकचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं, जखम झाली. प्लेटलेट्स धावतात, हुक उघडतात, धागे विणले जातात. पण ही धमनी अवघी काही मिलिमीटर रुंद असते. गुठळीने ती बंद होते आणि पुढचा हृदयाचा स्नायू ऑक्सिजनवाचून मरायला लागतो.

म्हणून हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर प्लेटलेट्सना आवरतात. अ‍ॅस्पिरिन देतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात किंवा अँजिओप्लास्टी करतात. जितका उशीर, तितका स्नायू कायमचा गमावला.

घोणस आणि फुरसं नेमकं काय करतात?

आपल्याकडे सर्वाधिक जीव घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतं. श्वास बंद पडतो, तो त्यामुळे. घोणस आणि फुरसं रक्तावर हल्ला करतात, म्हणून या लेखात आपण या दोघांवर थांबू.

घोणशीच्या विषात एक एन्झाइम फॅक्टर टेनला चालू करतं, दुसरं फॅक्टर फाइव्हला. फुरशाच्या विषात एकॅरिन नावाचं एन्झाइम असतं. ते तर मधल्या पायऱ्या गाळून थेट थ्रॉम्बिनच्या आधीच्या प्रोटीनलाच कापतं. म्हणजे दोन्ही विषं रक्त गोठवण्याचं बटण दाबतात, तेही एका जखमेपुरतं नाही, अंगभर.

मग रक्त गोठायला हवं ना? उलट होतं. अंगभर बारीक बारीक धागे तयार होतात आणि लगेच विरघळतात. या गोंधळात फायब्रिनोजेनचा सगळा साठा संपतो. कच्चा मालच उरला नाही की खरी जखम बुजणार कशी? हिरड्यांतून, लघवीतून, इंजेक्शनच्या जागेतून रक्त येत राहतं. काही वेळा मेंदूतही रक्तस्राव होतो.

दुसरा हल्ला भिंतीवर. विषातली मेटॅलोप्रोटिनेज प्रकारची एन्झाइम्स, ज्यांना काम करायला झिंकचा अणू लागतो, सर्वांत बारीक केशवाहिन्यांखालची कोलॅजनची जाळी कापतात. आधार गेलेली भिंत रक्ताच्या साध्या दाबानेही फाटते. म्हणजे शरीर एकाच वेळी दोन आघाड्यांवर हरतं: भिंत फुटते आणि ती बुजवायचं सामान संपलेलं असतं. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात, आणि मग डायलिसिसची वेळ येते.

विषाकडून शिकलेली औषधं

जे विष इतक्या अचूकपणे एकाच प्रोटीनवर नेम धरतं, ते संशोधकांना न आवडतं तरच नवल.

फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं एक छोटं प्रोटीन सापडलं. ते प्लेटलेटच्या त्या हुकात जाऊन बसतं, त्यामुळे फायब्रिनोजेनला जागाच मिळत नाही. ते हुकात कसं बसतं याचा अभ्यास करून तशाच आकाराचा एक साधा रेणू प्रयोगशाळेत बनवला गेला. त्याचं नाव टिरोफिबान. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि हार्ट अटॅकच्या रुग्णांसाठी ते आजही कॅथलॅबमध्ये वापरलं जातं. त्याच वर्षी मान्यता मिळालेलं एप्टिफिबाटाइड हे औषध अमेरिकेतल्या एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषावरून आलं.

त्याआधीची गोष्ट ब्राझीलची. तिथल्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब का कोसळतो, याचा शोध १९६० च्या दशकात सर्जिओ फरेरा घेत होते. त्यातून पुढे कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ मध्ये बाजारात आलं. आज ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, त्या सगळ्या त्याच घराण्यातल्या. तुमच्या आजी-आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांत त्यातली एखादी असूही शकते.

घोणशीचं विषही कामाला लागलं. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी ते हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर वरून लावून रक्त थांबवून दाखवलं. आजही लॅबमधल्या रक्त गोठण्याच्या एका महत्त्वाच्या टेस्टमध्ये घोणशीचं पातळ केलेलं विष वापरतात.

म्हणजे शहरातल्या हार्ट पेशंटला या सापांमुळे नेमका, मोजून-मापून बनवलेला रेणू मिळाला. आता शेतात साप चावलेल्याकडे बघू.

नारायणगावात बनणारं प्रतिविष

साप चावलेल्याला मिळतं ते प्रतिविष, बोलीभाषेत 'सापाची लस'. तंत्र १८९० च्या दशकातलं आहे. घोड्याला विषाचे अगदी छोटे डोस वाढवत वाढवत देतात. घोड्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात. मग त्याच्या रक्तातला प्लाझ्मा काढून, पेप्सिनने अँटिबॉडीचा नको असलेला भाग कापून, उरलेला भाग शुद्ध करतात.

देशात हे बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. त्यांतल्या प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना नारायणगावात, म्हणजे जुन्नर तालुक्यातच आहे. आफ्रिकेतल्या सापांसाठीचं प्रतिविषही ही कंपनी बनवते. नारायणगावातच डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये या ध्येयाने कित्येक वर्षं काम करत आहेत. साप, प्रतिविष आणि अनुभवी डॉक्टर एकाच तालुक्यात असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

तरीही तीन अडचणी उरतात.

अडचण एक: विष तमिळनाडूचं, साप इथला

भारतात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. २०२५ मध्ये आलेल्या या अभ्यासात दिसलं की तापमान आणि पावसाप्रमाणे विषातल्या एन्झाइम्सची ताकद बदलते. कोरड्या भागातल्या घोणशींमध्ये प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइम्सचा जोर जास्त आढळला.

आता जुन्नर-आंबेगावचा नकाशा आठवा. पश्चिमेला भीमाशंकर आणि नाणेघाटाकडे धो धो पाऊस, पूर्वेला कोरडं पठार. म्हणून दोन्हीकडच्या घोणशींचं विष वेगळंच असेल, असं यावरून लगेच म्हणता येत नाही. पण एकाच ठिकाणचं विष वापरून देशभराचं प्रतिविष बनवायचं, या पद्धतीवर प्रश्न नक्कीच उभा राहतो. राष्ट्रीय आराखड्यात प्रादेशिक विष गोळा करण्याचा विचार आहे, त्याचं कारण हेच. शिवाय सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर हे चार सापांचं प्रतिविष चालत नाही.

अडचण दोन: प्रतिविष दुरुस्ती करत नाही

हा मुद्दा सगळ्यांत जास्त निसटतो. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, बस. संपलेलं फायब्रिनोजेन ते परत आणत नाही. ते काम यकृताचं, आणि त्याला काही तास लागतात. कापली गेलेली कोलॅजनची जाळीही प्रतिविषाने सांधली जात नाही. कोस्टा रिकातल्या क्लोडोमिरो पिकाडो संस्थेत होसे मारिया गुटिएरेझ यांच्या गटाने दाखवलंय की केशवाहिन्यांचं जाळं उद्ध्वस्त झालं की स्नायूही नीट भरून येत नाही. काही रुग्ण वाचतात, पण पाय पहिल्यासारखा होत नाही, तो त्यामुळे.

म्हणून डॉक्टर एक अगदी साधी टेस्ट करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर फायब्रिनोजेन संपलंय. नळी काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शाने रक्तातला फॅक्टर ट्वेल्व्ह चालू होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. नळीत डिटर्जंटचा अंश राहिला तरी चुकतो. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी टेस्ट पुन्हा करतात, कारण यकृताला तेवढा वेळ द्यावा लागतो. वीज, मशीन, इंटरनेट काहीच नको. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होईल अशी ही टेस्ट आहे.

अडचण तीन: वेळ

प्रतिविष विषाला रक्तात गाठतं. विषाने आधीच कापलेलं परत जुळत नाही. म्हणजे हार्ट अटॅकचा नियम इथेही लागू: उशीर म्हणजे कायमचं नुकसान.

पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचर किंवा नारायणगावजवळ दंश झाला तर दवाखाना जवळ आहे. पण आहुपे किंवा डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांतून घोडेगावला यायचं तर घाटरस्ता, पाऊस, रात्र आणि कधी नेटवर्कही नाही. त्यात शेतीपंपांना अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्रीची वीज मिळते, म्हणून शेतकरी अंधारात ऊस आणि कांद्याला पाणी द्यायला उतरतो. दिवसा वीज हा इथे वीजबिलाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

म्हणून आराखड्याचं यश मोजायचं असेल तर किती व्हायल खरेदी केल्या हे पुरेसं नाही. सुरुवातीलाच साधारण १० व्हायल लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेलं विष वयाप्रमाणे कमी होत नाही. या व्हायल रात्री दोन वाजता पश्चिमेकडच्या आरोग्य केंद्रात आहेत का? त्या देणारा डॉक्टर आहे का? घोड्याच्या प्रोटीनमुळे तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, तेव्हा अ‍ॅड्रेनालिन हाताशी आहे का? नोंद बंधनकारक झाली तर निदान कुठल्या वाडीत किती केसेस होतात हे कागदावर येईल आणि साठा तिथे ठेवता येईल.

नव्या औषधांचं काय?

मे २०२५ मध्ये एक बातमी खूप फिरली. स्वतःला दोनशेहून जास्त वेळा साप चावून घेतलेल्या टिम फ्रीड या अमेरिकन माणसाच्या अँटिबॉडीपासून नवं प्रतिविष तयार होतंय, अशी. बातमी खरी आहे. पण ते नाग-मण्यार कुळातल्या सापांसाठी आहे, आणि चाचण्या उंदरांवर झाल्यात. घोणस-फुरशासाठी त्याचा उपयोग नाही.

आपल्यासाठी जास्त कामाची शक्यता वेगळी आहे: गोळी. व्हारेस्प्लाडिब हा रेणू विषातल्या फॉस्फोलिपेज या एन्झाइमला अडवतो. गंमत म्हणजे हे औषध आधी हृदयरोगासाठी तपासलं गेलं होतं आणि तिथे फेल गेलं. सर्पदंशासाठी त्याची मानवी चाचणी भारत आणि अमेरिकेत झाली. एकूण रुग्णांत मुख्य निकषावर स्पष्ट फायदा दिसला नाही. पहिल्या पाच तासांत गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. कॅन्सरसाठी बनवलेलं मॅरिमास्टॅट भिंत कापणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेजला अडवतं, त्यावरही सर्पदंशासाठी प्रयोग सुरू आहेत. अशी गोळी कधी आशा सेविकेच्या पिशवीत पोचली, तर वाडीपासून दवाखान्यापर्यंतचे ते दोन-तीन तास वाया जाणार नाहीत. आज मात्र अशी मान्यताप्राप्त गोळी नाही. कोणी ऑनलाइन विकत असेल तर ती फसवणूक समजा.

तुमच्या हातात काय आहे?

- साप चावला की १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा आणि वाटेतूनच दवाखान्याला फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा.
- जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठी, कडं, पैंजण काढा, कारण सूज येते. हात किंवा पाय हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका.
- दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. हार्ट अटॅकच्या संशयात डॉक्टर जी गोळी चघळायला सांगतात, तीच इथे रक्तस्राव वाढवते. कारण आता तुम्हाला माहीत आहे: तिथे प्लेटलेट्स थांबवायच्या असतात, इथे त्या वाचवायच्या असतात.
- सापाचा फोटो लांबून सहज मिळाला तर ठीक. त्यासाठी मागे लागू नका. फोटोवरून साप ओळखणारी अ‍ॅप चुकू शकतात, आणि डॉक्टर उपचार ठरवतात ते लक्षणं आणि त्या काचेच्या नळीवरून.
- स्मार्टवॉचवर नाडी नॉर्मल दिसली म्हणून थांबू नका. घड्याळ ठोके मोजतं, फायब्रिनोजेन नाही.
- रात्री शेतात जाताना बूट, काठी, टॉर्च. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्रीच चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही.

आणि एक काम आजच करता येईल. तुमच्या गावाच्या सगळ्यात जवळ, चोवीस तास प्रतिविष मिळणारं केंद्र कोणतं, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा आणि तो नंबर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करून ठेवा. 'असं केंद्र जवळ नाही' असं उत्तर मिळालं, तर तोच प्रश्न पुढच्या ग्रामसभेत मांडा आणि लेखी उत्तर मागा.